“कुणाला सांगू नका हं, बाई”

मने, काल तुझा फोन ठेवला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आठवीतल्या त्या पोरीने तुला कापून घेतलेलं मनगट दाखवलं, “कुणाला सांगू नका हं, बाई” म्हणाली, आणि तू “नाही सांगणार” म्हणून मोकळी झालीस. रागवत नाहीये गं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या बाबतीत मीही हेच केलं. दोन आठवडे ते ओझं एकटीने वाहिलं. शेवटी तिच्या आईला भलत्याच कुणाच्या तोंडून कळलं. ती मुलगी पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

म्हणून आज मधल्या सुट्टीतच तुझ्या त्या पोरीला गाठ आणि दिलेला शब्द परत घे. “काल मी चुकीचं बोलले. तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, एक-दोघांना सांगावंच लागेल. पण आधी तुला सांगेन, मगच त्यांना.” रुसेल थोडी. रुसू दे.

“का केलंस?” मात्र विचारू नकोस, तिलाही ते धड सांगता येत नसतं. “किती दिवस एकटीने सोसतेयस?” म्हण आणि गप्प बस. हे गप्प बसणं आपल्या बाईमंडळींना फार जड जातं! जखम ताजी असेल तर आधी मलमपट्टी. आईची शपथ घालून “परत करणार नाही” वदवून घेऊ नकोस, पुढच्या वेळी ती नुसती लपवेल.

स्वतःला इजा करणारं प्रत्येक मूल मरायला निघालेलं नसतं. पुष्कळदा आतली घालमेल सोसवत नाही म्हणून ते होतं. तरी गृहीत धरू नकोस. “जीव द्यावासा वाटतो का?” हे सरळ विचार. विचारल्याने तसं मनात भरत नाही. “हो” म्हणाली तर क्षणभरही एकटी सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला लाव.

मुख्याध्यापकांना सांग, शाळेच्या सखी सावित्री समितीतल्या बाईंना सांग. स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायला मात्र देऊ नकोस. शिपाईमावशींना फक्त लक्ष ठेवायला सांग; कोण डबा उघडत नाही, कोण बाथरूममध्ये रडतं, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

आईवडिलांना बोलावताना “तुमच्या मुलीचे उद्योग बघा” असा सूर नको. पण मार घरातच बसत असेल, तर तिकडे कळवायची घाई करू नकोस. आधी १०९८ या चाइल्डलाइनला फोन. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, तिथे शाळेच्या अब्रूचा विचार नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. तिला दे, आणि तुलाही लागला तर लाव.

आणि ती वर्गात आली की डोक्यावरून हात फिरवत बसू नकोस. फळ्यावर तारीख लिहायचं काम तिचंच ना? ते तिच्याकडेच राहू दे.