पायातल्या मुंग्या

स्टेशनावर लोकलमधून उतरून चार पावलं चाललो असेन, तोच मागून एक पोरगा ओरडला, "अंकल, चप्पल!" डावी चप्पल पायातून निसटली होती आणि मला पत्ताच नव्हता. हे २००९ सालचं.

त्याआधी चार महिने तळव्यांना मुंग्या येत होत्या. रात्री पांघरूणही सोसवेना, इतकी आग. वात समजून मी तेल चोळत राहिलो. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी एआरटी केंद्रात दर महिन्याला जायचो, पण पायांचं बोललो नाही. गोळ्या बंद करतील ही धास्ती. शिवाय माझ्याबरोबरच त्याच गोळ्या सुरू केलेला मित्र ठणठणीत होता. मग दोष गोळ्यांचा कसा?

इथेच फसलो. त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन होतं, वर टीबीसाठी आयसोनियाझिड. दोन्ही मज्जातंतूंना बाधतात; एचआयव्हीही बाधतो. आयसोनियाझिडचा निचरा यकृत किती वेगाने करणार, हे 'नॅट-२' या जनुकावर ठरतं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोकांचा वेग मंद. औषध अंगात रेंगाळतं, बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं. स्टॅव्ह्युडिन पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियावर घाव घालतं, आणि त्यांचा डीएनए आईकडून येतो. उंच माणसाला धोका जास्त. मी पाच फूट दहा इंच, वडिलांवर गेलेला. मित्र माझ्या खांद्याला लागायचा! माझ्यात नेमकं काय नडलं ते कुणी तपासलं नाही, पण गोळी एक असली तरी अंग एक नसतं, एवढं कळलं.

स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितलं. आता ते गेलं, पण टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिड आजही देतात. सोबतची बी-६ची गोळी चुकवू नका. मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने जास्त ताकदीची घेऊ नका. बी-६चा अतिरेकही पाय बधिर करतो. साखर आणि बी-१२ तपासून घ्या, दारू सोडा. आंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने बघा. एआरटी मात्र आपणहून कधीच थांबवू नका. जनुकाच्या महागड्या तपासणीमागेही धावू नका. औषध बदलायचं की नाही, हे डॉक्टर मुख्यतः लक्षणांवरून ठरवतात, आणि ती सांगायची तुम्हीच.

औषध बदलल्यावर माझी आग निवली. बोटं अजून बधिर आहेत. पुढच्या खेपेला गोळ्या घ्यायला जाल तेव्हा, कुणी विचारो न विचारो, पायांचं आधी सांगा.