शिकसमाज : पाच तत्त्वांचा एक शब्द

इंद्रधनुष्याचे रंग आपण सर्वांनी ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ केले. माझी आई शाळेत गेली नाही. पण बाळकुमच्या आमच्या आळीतली उसनवारी ती बोटांच्या पेरांवर मोजते आणि चुकत नाही. लक्षात राहायला खूण लागते, हे मी तिच्याकडून शिकले.

यंदा कार्यक्रम-मूल्यमापन अभ्यासताना अशीच खूण शोधली. योजनेवर पैसा खर्च झाला, पण लोकांना तिचा उपयोग झाला का, हे तपासणे म्हणजे मूल्यमापन. सामुदायिक विकास कार्यक्रम तपासण्यासाठी १९५२ साली आपल्या नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापली होती. तपासणाऱ्याने कसे वागावे, याची पाच तत्त्वे अमेरिकन इव्हॅल्युएशन असोसिएशनने १९९४ साली स्वीकारली; २०१८ साली त्यांत सुधारणा झाली. शिस्तबद्ध शोध, कसब, सचोटी, माणसांचा मान आणि जनहित व समन्याय. आद्याक्षरे जोडली : शि-क-स-मा-ज. शब्द एका दिवसात पाठ झाला.

पुढे प्रकल्पासाठी बचत गटांतल्या बायकांची पाहणी केली. ‘घरखर्च ठरवताना तुमचे मत विचारतात का?’ या प्रश्नाला एक ताई गप्प राहिल्या. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. घरी येऊन रिकाम्या रकान्यात मी ‘होय’ लिहिले.

रात्री आईला तत्त्वे म्हणून दाखवताना ‘स’वर जीभ अडली. ‘होय’ खोडून ‘उत्तर दिले नाही’ असे लिहिले. ‘मा’वर आल्यावर दुसरी चूक कळली : तो प्रश्न सासूबाईंदेखत विचारायलाच नको होता.

तेव्हापासून प्रत्येक अक्षराला मी एक प्रश्न बांधला आहे :

शि – सर्वांना तेच प्रश्न, त्याच रीतीने विचारले का?
क – हे काम मला येते का? न येणारे जाणत्याला विचारले का?
स – ऐकले तेच लिहिले का?
मा – ‘सांगत नाही’ म्हणायची मोकळीक दिली का? नाव गुप्त राखले का?
ज – ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या दारी गेले का?

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेत नुसती अक्षरे आठवली तरी गुण मिळतील. पण कोणाच्या उंबऱ्यावर वही उघडाल, तेव्हा हे प्रश्न आठवायला हवेत. त्या ताईंचा रिकामा रकाना माझ्या ‘होय’पेक्षा खरा होता.