किंमत एकदा, खर्च वर्षानुवर्षे



उन्हाळा तोंडावर आला की अमरावतीच्या इतवाऱ्यात काय आणि अकोल्याच्या टिळक रोडवर काय, खरेदीची एकच धांदल उडते. पंखे, कूलर, कूलरचे पंप, वायरी, पिना यांना मागणी येते. वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे पंखा आणि कूलर या आपल्याकडे चैनीच्या वस्तू राहिलेल्या नाहीत. दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला?" दुसरा प्रश्न, "याच्यापेक्षा सस्ता नाही का?" तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही: "ही वस्तू पुढच्या दहा वर्षांत मला एकूण केवढ्याला पडेल?"

आजच्या पाठात आपण या तिसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करू या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण मसाल्याचा हिशेब कागदावर क्वचितच मांडतो. बुरुज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) आपण वाचतो. पंखा घेणाऱ्यालाही तेच लागू पडते.

१. एका पंख्याचा हिशेब

समजा, दुकानात दोन पंखे आहेत. साधा पंखा १,५०० रुपयांना आणि कमी विजेवर चालणारा 'बीएलडीसी' मोटरचा पंखा ३,००० रुपयांना. साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर दुसरा सुमारे ३० वॅट. आपल्याकडे पंखा वर्षातले ३०० दिवस, रोज १५ तास फिरतो असे धरू. हिशेबासाठी विजेचा दर युनिटला ८ रुपये धरू. (आपला खरा दर काढायचा असेल तर वीजबिलाच्या एकूण रकमेला वापरलेल्या युनिटांनी भागावे.)

साधा पंखा वर्षाला सुमारे ३३७ युनिट घेईल, म्हणजे २,७०० रुपयांची वीज. दुसरा पंखा १३५ युनिट घेईल, म्हणजे १,०८० रुपयांची वीज. दर वर्षी फरक पडला १,६२० रुपयांचा. किमतीतला १,५०० रुपयांचा फरक पहिल्याच वर्षात भरून निघाला. दहा वर्षांचा हिशेब केला तर 'स्वस्त' पंखा २८,५०० रुपयांना पडतो आणि 'महाग' पंखा १३,८०० रुपयांना!

पण हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज तीनच तास फिरणार असेल, तर वर्षाची बचत फक्त ३२४ रुपये होते आणि किमतीतला फरक भरून निघायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे वस्तू किती वापरणार, यावर ती स्वस्त की महाग हे ठरते. केवळ किमतीच्या चिठ्ठीवरून ते कळत नाही.

या कामात मदत व्हावी म्हणून ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ साली ताऱ्यांचे लेबल सुरू केले. छताच्या पंख्यांना हे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. फ्रिजच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हेही छापलेले असते. तारे मोजताना लेबलवरचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच तारे आजचे पाच तारे असतीलच असे नाही.

२. दिव्याने शिकवलेला धडा

जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब दहा-पंधरा रुपयांना मिळायचा, म्हणून तो स्वस्त वाटायचा. रोज पाच तास लावला तर तो वर्षाला सुमारे ११० युनिट, म्हणजे आजच्या हिशेबाने ८८० रुपयांची वीज खातो. शिवाय त्याचे आयुष्य साधारण १,००० तासांचे, त्यामुळे वर्षाला दोन बल्ब लागतात. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १६ युनिट घेतो, म्हणजे १३० रुपयांच्या आसपास.

मग लोक आधीच एलईडीकडे का वळले नाहीत? कारण तो दिवा पूर्वी फार महाग होता. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने सगळ्यांच्या वतीने एकदम मोठी खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला जो दिवा खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी सुरुवातीला १० रुपये देऊन उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोयही होती. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

यातला धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांना हिशेब कळत नव्हता असे नाही. त्यांच्या हातात एका वेळी तेवढी रक्कम नव्हती. एकत्र खरेदी आणि सोपे हप्ते मिळाले, तेव्हा गरिबाच्या घरातही चांगला दिवा आला.

३. जो खर्च पैशांत मोजता येत नाही

विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा विजेचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले लेकरू. हलक्या पंपाचे किंवा वायरीचे आवरण फाटले की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. कूलरला तीन पिनांची वायर नसली, किंवा घरात अर्थिंगच नसले, तर त्या विजेला जायला दुसरी वाट राहत नाही. ती शिवणाऱ्या माणसातून जाते. पंपावर आणि वायरीवर वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांची ही किंमत कोणत्याही घराला परवडणारी नाही.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. पाणी भरताना कूलरचे बटण बंद करून पिनही काढावी. तिसरी पिन तोडून प्लग बसवू नये. दरवर्षी कूलर लावण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. शक्य असेल तर घरात ३० मिलिअँपिअरचा 'आरसीसीबी' बसवावा. विजेची गळती होताच तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, पण माणसाच्या जिवावर बेतणारी थोडी गळती त्याला कळत नाही.

घरातली वायर, स्विच, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड अशा अनेक वस्तूंना २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे. घरगुती प्रेशर कुकरला ते १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. चिन्ह खोटेही छापता येते. म्हणून चिन्हासोबतचा 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकून पाहावा. उत्पादकाचे नाव तिथे लगेच दिसते.

४. फेकण्यासाठीच बनवलेली वस्तू

१ एप्रिल २००१ पासून भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने उठवली. त्यानंतर स्वस्त बॅटऱ्या, खेळणी, घड्याळे यांनी आठवडी बाजारही भरून गेले. रात्रीच्या विजेवर ओलित करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला बॅटरी लागतेच. समजा, त्याने १५० रुपयांची चार्जिंगची बॅटरी घेतली आणि ती एका हंगामात बंद पडली. ती उघडता येत नाही, सेल बदलता येत नाही, सुटा भाग मिळत नाही. पाच वर्षांत पाच बॅटऱ्या, म्हणजे ७५० रुपये. एवढ्यात सेल बदलता येणारी चांगली बॅटरी आली असती. ऐन रात्री बांधावर उजेड गेला, तर विंचू-काट्याची भीती वेगळीच.

बंद पडलेल्या त्या पाच बॅटऱ्या कुठे गेल्या? काही भंगारात, काही उकिरड्यावर, काही धुऱ्यावर. अशा कित्येक बॅटऱ्यांत शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर भंगार वेचणाऱ्यांच्या पोराबाळांच्या छातीत जातो. वस्तू आपण स्वस्तात घेतली, पण तिचा उरलेला खर्च दुसऱ्याच कोणीतरी भरला.

आता जगात याबद्दल विचार होऊ लागला आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर, त्या किती सहज दुरुस्त होतात हे सांगणारा गुणांक छापणे सक्तीचे केले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. आपल्या पातळीवर आपण एक प्रश्न नक्की विचारू शकतो: "याचा सुटा भाग अमरावतीत किंवा अकोल्यात मिळतो का?"

५. गरिबालाच महाग का पडते?

इथे आपण थोडे थांबू या. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात एकदम ३,००० रुपये येणार कुठून? ज्याच्या गाठीला पैसा आहे तो एकदाच चांगली वस्तू घेतो आणि दहा वर्षे निश्चिंत राहतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याला तीच गरज पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते. त्याची चूक नसते, अडचण असते.

या अडचणीवर दुकानदार हप्त्यांचा उपाय सुचवतो. तिथेही डोळे उघडे ठेवावेत. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते इतर आकारांत लपवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे बजावले होते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल आणि हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क किती लागेल, हे दोन आकडे विचारले की खरे व्याज समोर येते.

याहून चांगला मार्ग आपल्या हाताशी आहे, तो म्हणजे बचत गट. वरच्या उदाहरणातील १,५०० रुपयांचा फरक एखाद्या बहिणीने गटातून महिना २ टक्के व्याजाने घेतला आणि दरमहा १२५ रुपये मुद्दल फेडले, तर वर्षाचे व्याज १९५ रुपये होईल. एकूण परतफेड १,६९५ रुपये आणि विजेची बचत १,६२० रुपये. म्हणजे तिच्या खिशातून जेमतेम ७५ रुपये गेले आणि पुढची नऊ वर्षे निव्वळ बचत राहिली. शिवाय ते व्याज गटातच राहिले. दहा घरांनी मिळून दहा पंखे घेतले तर दुकानदारही भाव कमी करतो. 'उजाला'ने देशात जे केले, ते आपण आपल्या वस्तीत लहान प्रमाणात करू शकतो.

६. महाग म्हणजे चांगलेच असे नाही

या पाठाचा अर्थ 'नेहमी महाग घ्या' असा कोणी काढू नये. नावाजलेल्या शिक्क्यासाठी दिलेला जादा पैसा आणि टिकाऊपणासाठी दिलेला जादा पैसा, यांत फरक आहे. कधीतरी लागणाऱ्या वस्तू, जसे ड्रिल मशीन किंवा उंच शिडी, दोन-चार शेजाऱ्यांत मिळून एक असली तरी चालते.

पक्के बिल मात्र सोडू नये. "बिलाशिवाय घेतले तर शंभर रुपये कमी," असे दुकानदार म्हणतो तेव्हा ते शंभर रुपये देऊन आपण आपली हमी विकत असतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झाल्यास उत्पादकाला आणि विक्रेत्यालाही जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. पण हे सारे करताना हातात बिल असलेले बरे.

विचारासाठी आणि चर्चेसाठी

१. गेल्या तीन वर्षांत आपल्या घरात कोणती वस्तू दोनदा किंवा तीनदा विकत घ्यावी लागली? तिचा एकूण खर्च किती झाला?

२. आपल्या घरात सर्वांत जास्त तास चालणारे उपकरण कोणते? त्याचे वॅट किती आहेत?

३. आपल्या कूलरला तिसरी पिन आणि घराला अर्थिंग आहे का? शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी आहे का?

४. आपल्या वस्तीतील बचत गट या उन्हाळ्यापूर्वी कोणती एक वस्तू एकत्र खरेदी करू शकेल?

या चारपैकी निदान तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच घरी जाऊन शोधावे, अशी आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे.