हलकं हत्यार घ्यावं का?

प्रश्न : माझी सराफी पेढी आहे. हँडगनचा परवाना मंजूर झालाय. जवळ बाळगायला सोपं म्हणून .२२ घ्यावं, की .३२?

उत्तर : .३२च घ्या, तेही रिव्हॉल्व्हर. .२२च्या काडतुसात दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा बसला नाही तर बार फुसका जातो. .३२मध्ये मध्यभागी वेगळी टोपी असते, ती जास्त भरवशाची. त्यातूनही बार उडाला नाहीच, तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलाची स्लाइड मागे खेचायला दुसरा हात लागतो, आणि तुमच्या एका हातात दागिन्यांची बॅग असणार. कानपूरचं ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४मध्ये आलं. सहा गोळ्यांचं, वजन सुमारे अर्धा किलो. मात्र हत्यार जितकं हलकं तितका झटका जास्त, म्हणून आधी रेंजवर चालवून पाहा.

काडतुसं घेताना सांभाळा. नुसतं ‘.३२ द्या’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला ठळक कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात कधीही घालू नका. घामाने, दमटपणाने काडतुसं खराब होतात. रोज अंगावर बाळगलेली ठरावीक काळाने सरावात संपवा. किती घेता येतील, ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

आणि कळकळीने सांगतो, घरी पोहोचताच हत्यार रिकामं करून कुलपात ठेवा. उशीखाली नको, कपाटातल्या साड्यांखालीही नको. मुलांना त्या जागा आपल्याआधी ठाऊक असतात.