रावस नव्हे, सॅमन

मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. म्हणून जर्सी सिटीत आल्यावर इथला गुलाबी सॅमन आमच्या घरी कित्येक दिवस रावस म्हणूनच नारळाच्या दुधात पडत असे. खरे तर दोघांचे कूळ निराळे. इथल्या बाजारातला अटलांटिक सॅमन बहुतेक सगळा समुद्रातल्या जाळ्यांच्या पिंजऱ्यात, खाद्य घालून वाढवलेला असतो. तिलापिया आणि न्यूअर्क ॲव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानांतला गोठवलेला रोहू हे तळ्यातले.

वाचकहो, प्रथिनांचे म्हणाल तर फारसा फरक नाही. १०० ग्रॅम कच्च्या सॅमन, ट्राउट किंवा तिलापियात ती सुमारे २० ग्रॅम असतात. फरक आहे चरबीत. सॅमनमध्ये १३ ग्रॅम, पाळलेल्या ट्राउटमध्ये ६, तिलापियात जेमतेम २. हृदयाला हितकर ओमेगा-३ सॅमनमध्ये २ ग्रॅमच्या आसपास, ट्राउटमध्ये पाऊण ग्रॅम, तर तिलापियात ०.१ सुद्धा मुश्किलीने. हे तेल माशाला मुख्यतः खाद्यातून मिळते. सॅमनच्या खाद्यात माशाचे तेल घालतात, तिलापिया बराचसा सोयाबीन-मक्यावर वाढतो. तेव्हा डॉक्टरांनी हृदयासाठी मासे खायला सांगितले असतील, तर रोजच्या तिलापियाने ते काम होत नाही. आठवड्यातून दोनदा, शिजवून ८५ ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढा सॅमन किंवा ट्राउट घ्यावा. सॅमनमधून ड जीवनसत्त्वही मिळते, इथल्या हिवाळ्यात ते हवेच. मात्र दात नसलेल्यांना, भूक मंदावलेल्यांना तिलापिया सोयीचा. मऊ आणि बिनकाट्याचा. रोहूचे बारीक काटे म्हातारपणी जपूनच.

आता स्वाई. व्हिएतनामच्या तळ्यांतला हा मासा पांढरा, स्वस्त, तुकडे अगदी तिलापियासारखे. पण त्याला खवले नसतात, कॅटफिशलाही नसतात. दाविद रहाबींनी आपल्या बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी पंख-खवल्यांचे तेवढे निवडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कातडी काढलेल्या तुकड्यावर त्यांनी तरी काय निवडले असते? मी पांढरा मासा कातडीसकटच घेते.

गोठवलेल्या पाकिटावर सोडियमचा आकडाही वाचा. पाणी धरून राहावे म्हणून काही तुकड्यांना फॉस्फेटचे क्षार लावतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी ते टाळावेत. आणि सॅमनला कालवणात नारळाचे दूध निम्मेच पुरते, त्याचे स्वतःचे तेल सुटते.