खाऱ्या पाण्याच्या पेटींतील सोबती

समुद्रांतील जीव कांचेच्या पेटींत जगवितां येतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्यांस ठाऊक होती. इ. स. १८५३ मध्यें लंडन येथील प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि घरीं अशा पेट्या ठेवण्याची हौस इंग्लंडांत पसरली. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. आज एखाद्या मुलानें वडिलांपाशीं हट्ट धरला, तर तीन फूट लांबीची पेटी घरींच मांडतां येते. परंतु पेटी, दिवा व गाळणी हीं पैसे दिले म्हणजे मिळतात. त्या पेटींत कोणते मासे एकत्र नांदतील, हें मात्र विचार करूनच ठरवावें लागतें. तो विचार कसा करावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मूळ तत्त्व असें. समुद्रांत दोन मासे भांडले तर दुबळा पळून जातो, आणि भांडण तेथेंच मिटतें. प्रवाळाच्या खडकांत लपावयास असंख्य कपारी असतात. पेटीच्या मात्र चारही बाजूंस कांच. तेथें हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या नजरेआड होऊं शकत नाहीं. त्याचे पर फाटतात, तो खाणें सोडतो, आणि पुष्कळदां थोड्याच दिवसांत मरतो. समुद्र जी पळण्याची वाट देतो, ती आपण काढून घेतलेली असते. तिच्या बदल्यांत त्यास योग्य सोबती देणें, हें पेटी ठेवणाराचें कर्तव्य होय.

सोबती निवडण्यापूर्वीं पाणी सिद्ध हवें. दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार व २५ ते २७ अंश सेंटिग्रेड उष्णता असावी. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया नांवाचें विष उत्पन्न होतें. खडकांवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. हें शेवटचें द्रव्य त्या मानानें बरेंच सौम्य असतें. हे जंतू पुरेसे वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत पेटींत एकही मासा सोडूं नये. पाणी आटतें, पण मीठ आटत नाहीं. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेंच करावी.

आतां निवडीकडे वळूं. कोणताही मासा घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: पूर्ण वाढल्यावर हा केवढा होईल? २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळें निळा टँग मासा मुलांच्या ओळखीचा झाला आहे. दुकानांत तो दोन इंचांचा दिसतो. पण तो एक फुटापर्यंत वाढतो, आणि दिवसभर पोहत राहणें हा त्याचा स्वभाव आहे. तीन फुटांची पेटी त्यास कोठडीच होय.

दुसरा प्रश्न: याच्या तोंडांत कोण मावेल? लायनफिश दिसावयास राजबिंडा व चालीनें संथ असतो. तो सहसा कोणाशीं भांडत नाहीं. परंतु तोंडांत मावेल तो मासा गिळून टाकतो. शिवाय त्याच्या पाठीवरील कांटे विषारी असतात.

तिसरा प्रश्न: हा कोणत्या जागेवर हक्क सांगेल? डॉमिनो नांवाचा काळा मासा, ज्याच्या अंगावर तीन पांढरे ठिपके असतात, तो स्वस्त व काटक असल्यामुळें नवशिक्यास मोह पाडतो. पण जसजसा तो वाढतो, तसतसा साऱ्या पेटीचा मालक होऊन बसतो. एकाच बांध्याचे व एकाच संवयीचे मासे एकमेकांचे विशेष वैरी असतात, हेंही लक्षांत ठेवावें. कारण दोघांस एकच कपार व एकच अन्न हवें असतें.

चौथा प्रश्न: हा काय खातो, व कसा खातो? मँडरीन मासा गरीब स्वभावाचा आहे, परंतु तो खडकांवरील बारीक जीव दिवसभर टिपीत असतो. लहान पेटींत ते लवकर संपतात, आणि त्याची उपासमार होते. समुद्रघोडा फार संथपणें खातो. चपळ सोबत्यांपुढें त्याच्या वाट्यास कांहीं उरत नाहीं. शिवाय २००१ सालापासून भारतांत वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण दिलें आहे. तेव्हां समुद्रांतून धरलेला समुद्रघोडा विकत घेण्याचा विचारही करूं नये.

या चारही प्रश्नांस उतरतील असे चार मासे आम्ही शंभर लिटर पाण्याच्या पेटीकरितां सुचवितों: दोन क्लाऊन मासे, एक फायरफिश व एक पिवळा गोबी. गोबी तळाशीं वाळूंत राहतो, फायरफिश खडकाजवळ पाण्यांत तरंगत असतो, आणि क्लाऊनची जोडी एखादा कोपरा धरून असते. जागा निराळ्या, म्हणून तंट्याचें कारण थोडें.

क्लाऊन मासा अंदमानच्या समुद्रांतही सांपडतो. या जातींतील सर्व मासे प्रथम नर असतात. जो सर्वांत मोठा व वरचढ, तो मादी बनतो. आणि ती मेली तर तिचा जोडीदार मादी होतो. म्हणून एक किंचित् मोठा व एक लहान असे दोन कोवळे मासे एकाच वेळीं आणले, तर जोडी बहुधा आपोआप जमते. तिसरा आणूं नये. जोडी त्यास सुखानें राहूं देत नाहीं. समुद्रफुलावांचूनही पेटींत त्यांचें अडत नाहीं.

गोबीची तर मौजच आहे. टिचकीसारखा आवाज काढणारी एक कोळंबी त्याच्यासाठीं व स्वतःसाठीं वाळूंत बीळ खणते. तिची दृष्टि मंद, म्हणून ती आपली मिशी गोबीच्या अंगास लावून ठेवते. संकट दिसतांच गोबी शेपूट हालवितो, आणि दोघेंही बिळांत शिरतात. फायरफिश भित्रा असून भ्याला म्हणजे उडी मारतो. यास्तव पेटीवर जाळी अवश्य हवी.

मासे आणण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भित्रा आधीं, धीट शेवटीं. आधीं आलेला धीट मासा मागाहून येणारास शत्रु समजतो. म्हणून प्रथम फायरफिश, मग गोबी व अखेरीस क्लाऊन, असे कांहीं आठवड्यांच्या अंतरानें सोडावे. प्रत्येक नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवून तो निरोगी आहे याची खात्री करून घ्यावी. शक्य तेथें पैदास केलेलेच मासे घ्यावे. तमिळनाडूंत मंडपम् येथें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें क्लाऊन माशांची पैदास साधली आहे. उलट फिलिपीन्स व इंडोनेशिया येथें कित्येक ठिकाणीं सायनाइड सोडून, गुंगवून मासे धरिले गेले आहेत. त्यांत मासाही मरतो व प्रवाळही.

पालकांस आमची एक विनंती आहे. मूल पांचवा मासा मागेल, तेव्हां त्यास रागावूं नये. हे चार प्रश्न त्याच्याकडूनच सोडवून घ्यावे. आणि विद्यार्थ्यांनीं, दुकानांत उभें असतां एकाही प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तर त्या दिवशीं रिकाम्या हातीं परत यावें. मासा आठ दिवसांनींही घेतां येईल. पण एकदां पेटींत सोडलेल्या माशास तेथून आपण होऊन निघतां येत नाहीं.