टिपेश्वरची सहल : एक अभ्यासपाठ

शाळेची सहल टिपेश्वरला निघाली की मुलांचा एकच प्रश्न असतो : वाघ दिसेल काय? पांढरकवड्याजवळील सुमारे 148 चौरस किलोमीटरचे हे सागवानी वन 1997 साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. 2019 मध्ये येथून निघालेला एक तरुण वाघ शेतशिवारांतून वाट काढीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ती वाट मुलांकडून नकाशावर जरूर काढून घ्यावी.

परंतु वन म्हणजे केवळ वाघ नव्हे. या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. स्वतःला ‘कोलावर’ म्हणविणाऱ्या या समाजाची कोलामी भाषा द्राविडी कुळातील. वर्गात कोलाम विद्यार्थी असल्यास झाडांची कोलामी नावे त्यालाच विचारावीत. पुस्तकी मराठीपुढे एरवी गप्प राहणारा तो मुलगा त्या दिवशी गुरुजींनाही शिकवील.

2018 मध्ये राळेगाव तालुक्यात ‘अवनी’ वाघीण ठार झाली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. त्याआधी वाघाच्या हल्ल्यांत दगावलेल्या ग्रामस्थांची नावे मात्र बाहेर कितीजणांना ठाऊक आहेत? 2006 च्या वनहक्क कायद्याने अरण्यवासीयांचे हक्क मान्य केले. वाघाला निवांत रान हवे, गुराख्याला चराई हवी. याचा निवाडा कसा करावा, यावर परतीच्या प्रवासात मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा.